कवडीमोल म्हणजे किती?

सातवीच्या वर्गात वाक्प्रचार घेत होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी हा विषय मुलांना जरा लांबचा वाटतो, म्हणून जमेल तिथे मी दोन्ही भाषांतले वाक्प्रचार शेजारी शेजारी मांडते. फळ्याच्या एका बाजूला 'कवडीमोल भावाने विकणे', दुसऱ्या बाजूला 'कौडियों के मोल'. इकडे 'फुटकी कवडीही न मिळणे', तिकडे 'फूटी कौडी न मिलना'. मुलं खूश असतात अशा तासाला, कारण अर्थ आधीच ठाऊक असतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. "टीचर, पण एका कवडीला काय मिळायचं?"

"अगदी थोडं," मी म्हटलं.

"म्हणजे किती?"

आता हे उत्तर मला येत नव्हतं. बीएड करताना आम्हाला शिकवलं होतं की उत्तर येत नसेल तर 'उद्या शोधून आणू या' म्हणावं. मी तसं म्हटलं, आणि तो 'उद्या' चांगला दोन महिने लांबला. त्या दोन महिन्यांत जे वाचलं त्यातलं काही इथे लिहिते आहे. बरंचसं वाचून मजा आली. काही वाचून मात्र पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं.

सुरुवात घरातूनच केली. मरहूम नानीची एक मखमली थैली माझ्याकडे आहे, तिच्यात सात कवड्या. रमजानमध्ये तरावीहनंतर घरातल्या बायका ओसरीवर पच्चीसी मांडायच्या तेव्हा ही थैली बाहेर यायची. नाना बोटीवर होते. आमच्याकडे प्रत्येक तिसऱ्या घरात कोणी ना कोणी बोटीवर असायचंच. या कवड्या त्यांनीच कुठून तरी आणल्या, एवढंच अम्मीला माहीत आहे. 'कुठून तरी' म्हणजे कुठून, हे नानीला कधी विचारलं नाही. लहानपणी आपण नको ते सगळं विचारतो आणि हवं ते विचारायचं राहून जातं.

कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचं घर. कवड्यांच्या जाती दोनशेहून अधिक आहेत, पण पैसा म्हणून जगभर फिरली ती मुख्यतः एकच. तिचं शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. 'मोनेटा' हा लॅटिन शब्द, अर्थ नाणं किंवा टांकसाळ. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तिचं नाव ठेवताना 'मोनेटा' निवडलं. म्हणजे त्या प्राण्याची युरोपात ओळख होती ती पैसा म्हणूनच. प्राण्याला नाव द्यायचं ते त्याच्या बाजारभावावरून, असा प्रकार दुसरीकडे फारसा आढळत नाही.

जिवंत कवडी मी पाहिलेली नाही, चित्रफितींत पाहिली. पाहिल्यावर आधी ओळखूच आली नाही. आपल्याला माहीत असलेला तो चकचकीत, पिवळसर-पांढरा, दोन्ही कडांना जरा टेंगळं असलेला शिंपला दिसतच नाही. प्राण्याच्या अंगाचा मऊ काळपट पडदा दोन्ही बाजूंनी वर चढून पाठीवर एकमेकांना भिडतो आणि सगळा शिंपला झाकून टाकतो. कवडीला चमक येते ती यामुळेच. इतर शंखशिंपले उघडे पडतात, घासतात, त्यांच्यावर शेवाळ धरतं. कवडी मात्र स्वतःचं घर स्वतःच्या अंगाखाली ठेवते, आणि तोच पडदा वरून थरावर थर चढवत राहतो. कोणी छेडलं की पडदा झटकन आत जातो आणि मग ती गुळगुळीत पाठ दिसते.

आणखी एक गोष्ट वाचून मला फार गंमत वाटली. पिल्लू असताना कवडी कवडीसारखी दिसत नाही. पातळ कवचाचा, पीळ असलेला, रुंद तोंडाचा साधा शंख असतो तो. वयात आली की तोंडाची बाहेरची कड आत वळू लागते, जाड होते, दोन्ही ओठांवर दाते फुटतात आणि तोंडाची अरुंद फट उरते. टोकाकडचा पीळ थरांखाली गडप होतो. एकदा हे झालं की तिची लांबी वाढत नाही, जाडी तेवढी वाढते. म्हणजे दाते दिसले की समजावं, नाणं पाडून तयार आहे.

भारतीय आणि पॅसिफिक महासागरांच्या उथळ, उबदार पाण्यात, पूर्व आफ्रिकेपासून पार पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत ही जात सापडते. प्रवाळाच्या खडकांत, दगडांखाली राहते, शेवाळ खरवडून खाते. मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून राहते. अंड्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्लं काही काळ प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जिथे खडक मिळेल तिथे बस्तान मांडतात. आपल्याजवळ लक्षद्वीपला ती भरपूर आहे. पण जगाच्या बाजाराला ती पुरवली मालदीवने. तिथल्या बेटांच्या पोटातलं उथळ, शांत पाणी तिला मानवतं हे एक. दुसरं, मालदीवची कवडी आकाराने लहान, जेमतेम एक-सव्वा ग्रॅम वजनाची. हजारोंनी मोजायच्या आणि जहाजातून न्यायच्या वस्तूला हलकेपणा हा मोठाच गुण. न सडणारी, न गंजणारी, हातातून पडली तरी न फुटणारी, आणि खोटी बनवायची तर खरीपेक्षा महाग पडणारी. एवढे गुण कुठल्या राजाच्या नाण्यात होते?

अरब व्यापाऱ्यांना हे फार लवकर कळलं होतं. दहाव्या शतकातला मसऊदी या बेटांविषयी लिहितो की तिथे राणीचं राज्य आहे आणि खजिन्यात कवड्याच असतात. खजिना आटला की राणी नारळाच्या झावळ्या कापून पाण्यावर टाकायला सांगते. ते प्राणी झावळ्यांना चिकटतात, मग झावळ्या वाळूवर आणून पसरायच्या, उन्हाने आतला जीव मरतो, शिंपले उरतात. अल बिरूनीने तर बेटांची नावंच मालावरून दिली आहेत: दीवा कूढा, म्हणजे कवड्यांची बेटं, आणि दीवा कंबर, म्हणजे काथ्याची बेटं. 'कूढा' हा शब्द वाचताना मी थबकले. हजार वर्षांपूर्वीच्या अरबी पुस्तकात आपली 'कवडी' बसली आहे! संस्कृत 'कपर्द', त्यातून प्राकृतातून येता येता मराठीत 'कवडा-कवडी', हिंदी-उर्दूत 'कौडी'. इंग्रजीतही गेली ती हीच.

इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोचला. त्याआधी तो दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी होता, आणि दक्षिणेकडे येताना दौलताबाद, नंदुरबार पाहून, मराठ्यांविषयी चार ओळी लिहूनच पुढे गेला होता. मालदीवला तेव्हा खदीजा नावाची सुलताना गादीवर होती. जुम्याच्या खुत्ब्यात तिचं नाव घेतलं जाई. इब्न बतूताला याचं नवल वाटलं आणि त्याने ते नोंदवून ठेवलं. तिथे तो काझी झाला, चार लग्नं केली, आणि बायकांनी कमरेच्या वरही कपडे घालावेत म्हणून बरीच खटपट केली. त्यात तो सपशेल हरला. हे त्याने स्वतःच कबूल केलं आहे. त्याचा हा मोकळेपणा मला आवडतो.

कवड्यांविषयी मात्र तो मुनीमजीसारखा लिहितो. समुद्रातून गोळा करायच्या, किनाऱ्यावर खड्ड्यांत पुरायच्या, मांस सडून गेलं की पांढरा शिंपला हाती येतो. शंभरांना सियाह म्हणतात, सातशेंना फाल, बारा हजारांना कुत्ता आणि एक लाखाला बुस्तू. चार बुस्तूंना एक सोन्याचा दिनार. स्वस्ताई असली तर दहा बुस्तूंनाही. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेतात, कारण त्यांच्याकडे हाच पैसा. येमेनचे लोकही नेतात, पण वाळूऐवजी जहाजाच्या तळाशी टाकायला. कोकणातल्या जुन्या खलाशांच्या भाषेत नीरम. आणि मग तो सांगतो की याच कवड्या पुढे त्याने सुदानात, म्हणजे आजच्या मालीच्या भागात विकताना पाहिल्या. भाव? एका दिनाराला अकराशे पन्नास.

गणित मी फळ्यावर करून पाहिलं. मालदीवला दिनाराला चार लाख, मालीत दिनाराला १,१५०. जवळजवळ साडेतीनशे पट. दोन्हीकडचा दिनार तंतोतंत एक नसेल हे धरलं तरी हिशोब डोळे फिरवणाराच. मधे येमेन, मिसर, उत्तर आफ्रिका आणि त्यानंतर सहारा. मॉरिटानियाच्या वाळवंटात मादेन इजाफेन नावाच्या ठिकाणी थेओडोर मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला विसाव्या शतकात एका कारवानाचा पुरून ठेवलेला माल सापडला. पितळेच्या कांबी आणि त्यांच्याबरोबर कवड्या, साधारण बाराव्या शतकातल्या. ज्यांनी तो पुरला ते परत न्यायला आलेच नाहीत. आमच्या उर्दूत 'दूर की कौडी लाना' म्हणजे फार लांबची कल्पना लढवणं. ही कौडी खरोखर किती दुरून येत होती ते हा वाक्प्रचार शिकवताना मला कधी ठाऊकच नव्हतं.

पण गोळा कोण करत होतं? इब्न बतूता ते सांगत नाही. ते सांगितलं फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच माणसाने. १६०२ मध्ये त्याचं जहाज मालदीवजवळ फुटलं आणि तो पाच वर्षं तिथे अडकून पडला. तो लिहितो की कवड्या, तिथल्या भाषेत 'बोली', महिन्यातून दोनदा गोळा करतात, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे तीन-तीन दिवस, आणि बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून वाळूतून त्या वेचतात. कोकणातल्या कोणाही बाईला हे दिवस समजावून सांगावे लागणार नाहीत. उधाणाचे दिवस, ओहोटीला पाणी सगळ्यात मागे जातं ते हेच. आमच्या खाडीवर तिसऱ्या आणि कालवं काढायला बायका निघतात त्याच दिवसांत. बारा हजार कवड्यांची एक करंडी, झावळ्यांची विणलेली. पिरारच्या वेळी वर्षाला तीस-चाळीस जहाजं नुसत्या कवड्या भरून बंगालला जात. बारा हजारांचा हा हिशोब इब्न बतूताच्या कुत्त्याशी जुळतो, अडीचशे वर्षांनंतरही. एवढ्या काळात दिल्लीत किती घराणी बदलली! पाण्यात उभ्या बाईच्या करंडीचं माप बदललं नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते.

आपल्या मुलखात तांब्याची शिवराई चालायची. कवडीही चालली, पण तिचं खरं राज्य बंगाल-ओरिसात होतं. समुद्रापासून जसं आत जावं तशी कवडी महाग होत जायची. तावेर्निए हा सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो की समुद्राजवळ पैशाला ८० कवड्या मिळत आणि आग्ऱ्याला ५०-५५ वर भागत असे. बंगालमध्ये तर कवडीचं कोष्टकच होतं: चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण. काहण म्हणजे १,२८० कवड्या. तिथल्या लक्ष्मणसेन राजाविषयी मिन्हाज-ए-सिराजने तेराव्या शतकात लिहून ठेवलं आहे की त्याचं लहानात लहान दान एक लाख कवड्यांचं असे. पराभूत हिंदू राजाच्या औदार्याची ही तारीफ दिल्ली दरबारच्या मुस्लिम इतिहासकाराने केली आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

सिल्हेट हे गाव आम्हा लोकांना हजरत शाहजलालांमुळे माहीत असतं. इब्न बतूता मालदीवनंतर त्यांनाच भेटायला तिकडे गेला होता. त्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी, १७७८ च्या सुमारास, रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा तरुण कलेक्टर तिथे नेमला गेला. जिल्ह्याचा महसूल अडीच लाख रुपये आणि तो सगळा कवड्यांत! रुपयाला ५,१२० कवड्या, म्हणजे बरोबर चार काहण. गुणाकार केला तर १२८ कोटी कवड्या होतात, वजन हजार टनांच्या वर. त्या साठवायला कोठारं, डाक्क्याला न्यायला बोटींचा ताफा, तिथे लिलाव, आणि या सगळ्यात दहा टक्के तरी घट, वाटेतली चोरी वेगळी. बिचाऱ्या कारकुनांची मला दया आली.

म्हणून मुलाला उत्तर दिलं: रुपयाला ५,१२०, म्हणजे आण्याला ३२० आणि जुन्या पैशाला ८०. आण्याचे चार पैसे हे आधी समजावून सांगावं लागलं, त्यात अर्धा तास गेला.

कवडी फार लहान होती, म्हणूनच गरिबाच्या कामाची होती. रुपयात मीठ विकत घेता येत नाही, मूठभर मीठ हवं असेल तर मूठभर पैसाही हवा. कंपनीला हे समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. १८०३ मध्ये ओरिसा ताब्यात आल्यावर तिने महसूल चांदीच्या रुपयात मागायला सुरुवात केली. कवडीचा भाव कोसळला, शेतकऱ्याकडे कवड्या, सरकारला हवी चांदी. मीठही कंपनीच्या मक्त्यात गेलं. १८१७ मध्ये खुर्द्याला बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाईकांनी बंड केलं. जमिनी काढून घेतल्या हे मोठं कारण होतंच, पण कारणांच्या यादीत कवडीही आहे. नोटा रद्द झाल्या की रांगा लागतात, कवड्या रद्द झाल्या तेव्हा तलवारी निघाल्या.

इथपर्यंतचा इतिहास मी वर्गात हौसेने सांगितला असता. पुढचा भाग सांगावा की नाही, यावर मी बरेच दिवस अडले.

युरोपातल्या व्यापाऱ्यांनी येमेनवाल्यांचीच युक्ती उचलली. डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजं सिलोन-बंगालहून परतताना कवड्या नीरम म्हणून भरून नेत. अॅमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचे लिलाव होत. घेणारे लोक त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवत आणि तिथे त्या देऊन माणसं विकत घेत. अठराव्या शतकात या दोन देशांनी मिळून पाठवलेल्या कवड्या सुमारे १० अब्ज होत्या असा हॉगेनडॉर्न आणि जॉन्सन या अभ्यासकांचा हिशोब आहे. आफ्रिकेतही कोष्टक होतं: चाळीसांची माळ, पन्नास माळांचं एक 'डोकं', दहा डोक्यांचं एक पोतं. पोतं म्हणजे वीस हजार. मालदीवच्या बाईने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तांदळासाठी वेचलेली कवडी कुठे पोचली, हे त्या बाईला कधीच कळलं नसणार. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साखळीत उभ्या असलेल्या बाईलाही ती कुठून आली ते कळलं नसणार.

आणि हे फक्त युरोपवाल्यांचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. आपला इब्न बतूता मालीहून परतताना १३५३ मध्ये ज्या कारवानाबरोबर सहारा ओलांडून आला, त्यात सहाशे गुलाम बायका होत्या. हे त्यानेच लिहिलं आहे, त्याच सुरात, ज्या सुरात तो उंटांची आणि खजुराची माहिती देतो. सफरनाम्याचा उर्दू तर्जुमा मी कॉलेजात असताना वाचला होता. तेव्हा ही ओळ माझ्या नजरेखालून गेलीच असणार. मला आठवत नाही. नकाशावर त्याचा मार्ग लाल पेन्सिलने काढला होता, तो मात्र चांगला आठवतो.

स्टाफरूममध्ये मी हे बोलले तेव्हा एक सहशिक्षक म्हणाले, "बाजी, हे मुलांना कशाला सांगायचं? आधीच लोक आपल्याला नावं ठेवायला टपलेले. एक इब्न बतूता आहे अभिमानाने सांगायला, त्यालाही तुम्ही खाली ओढणार?" त्यांची भीती खोटी नाही. आमच्या मुलांना बाहेर काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. पण मी म्हटलं, साहेब, एखाद्याने ही ओळ उद्या मुलाच्या तोंडावर फेकली आणि ती त्याने पहिल्यांदाच ऐकली, तर तो काय करेल? एक तर भांडेल, नाही तर मान खाली घालेल. माझ्याकडून ऐकली तर निदान तिचा विचार करेल. शिवाय ज्या दीनमध्ये गुलामाला आझाद करणं हे सवाब मानलं आहे, त्या दीनच्या काझीने सहाशे बायका नुसत्या मोजून सोडून दिल्या, हा प्रश्न मुस्लिम मुलाने विचारायचा नाही तर कोणी? त्यांना पटलं असं नाही. चहा आला आणि विषय थांबला.

आता नानीच्या थैलीकडे परत. वाचता वाचता मोनेटारिया मोनेटाची जुळी बहीण भेटली, मोनेटारिया अॅन्युलस. तिच्या पाठीवर सोनेरी-नारिंगी कडं असतं. झांझिबारच्या किनाऱ्यावर ती अफाट सापडते. १८४० च्या दशकापासून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी ही झांझिबारची मोठी, स्वस्त कवडी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेला नेली. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता, आता कवड्या पामतेलासाठी लागत होत्या. पण इतक्या आल्या की पैशाची माती झाली. ज्यांनी आयुष्यभर पोत्यांत कवड्या साठवल्या त्यांच्या हाती शिंपले उरले. उरलंसुरलं काम वसाहतींच्या सरकारांनी बंदी घालून केलं. घानाने स्वतंत्र झाल्यावर आपल्या चलनाला 'सेडी' नाव दिलं. तिथल्या अकान भाषेत त्याचा अर्थ कवडी.

मी उठले, थैली उघडली. सातही कवड्यांच्या पाठीवर कडं आहे. हात लागून लागून फिकट झालंय, पण आहे. नाना मोंबासा-झांझिबारच्या फेऱ्या करत हे अम्मीला आठवतं. अर्थात अशी कवडी लक्षद्वीपलाही मिळते, तेव्हा मी शपथेवर काही सांगणार नाही. पच्चीसीत तुळजापूरच्या आराधिणीच्या माळेतली कवडी पडली काय आणि झांझिबारची पडली काय, दान तेच. आमच्या मोहल्ल्याबाहेर दर मंगळवारी येणाऱ्या आराधीण मावशींना मी कड्याची कवडी दाखवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, "दात चांगले आहेत," म्हणाल्या आणि परत दिली.

शेवटी मी वर्गात सांगितलं. सगळं नाही, एका मुलाची गोष्ट सांगितली. ओलाउदाह एक्वियानो. १७८९ मध्ये त्याने लंडनमध्ये आपलं आत्मचरित्र छापलं. त्यात तो सांगतो की घरी मोठं कोणी नसताना त्याला आणि त्याच्या बहिणीला पळवून नेलं, दोघांची ताटातूट झाली, आणि वाटेत तिन्मा नावाच्या गावी त्याला नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्यांना विकलं. १७२ शिंपले. त्याच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत वाद आहे, आणि इतर नोंदींतले माणसांचे भाव हजारोंत आणि पुढे लाखाच्याही वर दिसतात. पण आकडा त्याने लिहिलाय तो १७२.

मागच्या बाकावरच्या मुलाने वहीत पटकन हिशोब केला. सिल्हेटच्या भावाने अर्ध्या आण्याहून जेमतेम किंचित जास्त. "म्हणजे कवडीमोल," तो म्हणाला, आणि मग गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी तो घरून चिंचोके घेऊन आला. मधल्या सुट्टीत तिघाचौघांनी मिळून १७२ मोजले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आले. डब्याच्या झाकणात ते सगळे मावले, वर थोडी जागाही उरली. "टीचर, तो केवढा होता?" एका मुलीने विचारलं.

अकरा वर्षांचा, मी सांगितलं. घंटा झाली. चिंचोके अजून माझ्या कपाटात आहेत. ते परत न्यायला कोणी आलेलं नाही.